सेवाग्राम आणि एक ग्रामसभा

सेवाग्रामचें वर्णन वाचकांनीं पुष्कळदां वाचलें असेल. बापूकुटी, प्रार्थनेची जागा, सूतकताई आणि तेथील शांतता ठाऊक नाहीं असें सुशिक्षित मराठी घर विरळाच. त्या वर्णनांत आणखी एकाची भर घालण्याचा माझा मुळींच विचार नव्हता. यंदाच्या जानेवारींत मी सेवाग्रामला गेलों तोहि दर्शनासाठीं म्हणून नव्हे. वाटेंत पडलें म्हणून गेलों. परंतु ज्या कामासाठीं निघालों होतों त्या कामाची आणि सेवाग्रामची मनांत अशी कांहीं गांठ पडली कीं, दोहोंविषयीं एकत्र लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

काम असें होतें. वर्धा जिल्ह्यांत, सेवाग्रामपासून कांहीं कोसांवर आमचें मूळ गांव आहे. गांवाचें नांव येथें देत नाहीं. तेथील मंडळी हा मजकूर वाचतील आणि त्यांस संकोच वाटेल. पूर्वी गांवची मालगुजारी आमच्या घराण्याकडे होती. १९५१ सालीं मालगुजारी गेली, मागोमाग एकेक बिऱ्हाड शहरांत आलें, आणि आतां गांवीं उरला आहे तो एक पडका वाडा व थोडी शेती. सात-बाऱ्यावर थोरल्या काकांपासून आम्हां चुलतभावांपर्यंत सर्वांचीं नांवें आहेत. शेत कसतो तो मात्र गांवचाच एक बटाईदार. त्यानें जानेवारीच्या मध्यास मोबाइलवर एका नोटिशीचें छायाचित्र धाडलें. प्रजासत्ताकदिनीं भरणाऱ्या ग्रामसभेची ती विषयपत्रिका होती. तींतला सहावा विषय, 'पांदण रस्ता मोकळा करणें.'

पांदण म्हणजे दोन शेतांच्या धुऱ्यांमधून जाणारी बैलगाडीची जुनी वाट. ही पांदण आमच्या शेताच्या कडेनें जात असे. पुढें दरसालीं नांगराचें एकेक तास आंत सरकत गेलें आणि वाट शेतांत विरून गेली. ती कोणी जाणूनबुजून गिळली असें नव्हे. परंतु ती राखावी असेंहि कोणास वाटलें नाहीं. पलीकडे ज्यांचीं शेतें आहेत त्यांस आतां दुसऱ्यांच्या धुऱ्यावरून, मिनतवारी करीत जावें लागतें.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरीं बैठक बसली. थोरले काका म्हणाले, "आज वाट मागतात, उद्यां शेत मागतील." धाकट्या काकांनीं जमिनीचा भाव सांगितला. वहिनी पानाचें तबक ठेवून आंत गेल्या. त्यांस कोणीं कांहीं विचारलें नाहीं. मी स्वतः फारसें बोललों नाहीं, पण माझ्याहि मनांतून हेंच होतें कीं, ज्या गांवास आम्हीं शाळेसाठीं जागा दिली त्या गांवानें आमच्या नांवानिशीं विषयपत्रिका काढावी हें कांहीं बरें नव्हे. ठरलें असें कीं मीं जाऊन लेखी हरकत द्यावी. आत्या कोपऱ्यांत वाती वळीत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "जातोच आहेस तर मलाहि ने. सेवाग्राम पाहायचें राहिलें आहे." आत्यांचें वय ऐंशीच्या घरांत आहे. त्यांस नाहीं म्हणण्याची आमच्या घरीं चाल नाहीं.

२५ तारखेस सकाळीं आम्ही वर्ध्यास उतरलों. 'सेवाग्राम' या नांवाचें एक रेल्वेस्थानकहि तेथें आहे. तें पूर्वीचें वर्धा पूर्व. परंतु आश्रम गांवापासून सुमारें आठ किलोमीटर दूर आहे, हें नवख्या प्रवाशानें ध्यानांत ठेवावें. रस्त्याच्या दोहों बाजूंस कापसाची शेवटची वेचणी चालली होती, तुरीच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या, आणि हरभरा घाट्यावर आला होता. आत्या खिडकींतून डोळे न काढतां पाहत होत्या. लहानपणीं बंडींतून केलेला प्रवास त्यांस आठवत असावा.

आश्रमाच्या आवारांत शिरल्यावर मोटारींचा आवाज मागें पडतो. गांधीजींनीं १९३६ मध्यें लावलेला पिंपळ आतां मोठा विस्तारला आहे. जवळच आदिनिवास. आरंभीं गांधीजी, कस्तुरबा आणि इतर सर्व मंडळी याच एका घरांत राहत. घर स्थानिक सामानाचें असावें, गांवच्या मजुरांनीं बांधावें आणि शंभर रुपयांहून अधिक खर्च येऊं नये, अशी गांधीजींची अट होती. पुढें ज्या कुटींत ते राहूं लागले ती मुळांत मीराबेननीं स्वतःसाठीं बांधविली होती. तिच्या मातीच्या भिंतींवर त्यांनींच काढलेलीं ताडांचीं झाडें अद्याप आहेत. बसण्याची चटई, टेकण्याची फळी, साप न मारतां पकडण्याचा लांकडी चिमटा, आणि व्हाइसरॉयांशीं बोलणें व्हावें म्हणून सरकारनें बसविलेला टेलिफोन, हें सर्व तेथें पाहावयास मिळतें. आत्या उंबऱ्याशीं थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अरे, हें तर आपल्या कोठीघराएवढेंच आहे." इतक्या लहान जागेंतून देशाचा कारभार हालत होता, याचें त्यांस नवल वाटलें. मलाहि वाटलें, परंतु मीं तें बोलून दाखविलें नाहीं.

दुपारीं पिंपळाच्या सावलींत बसून मीं आत्यांस शेगांवची एक हकीकत सांगितली. त्या गांवाचें मूळ नांव शेगांव. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवाशीं टपालाचा घोटाळा होऊं लागला, तेव्हां १९४० मध्यें त्यास सेवाग्राम हें नांव मिळालें. १९३६ मध्यें हें एक आडवळणाचें खेडें होतें. रस्ता नव्हता, दुकान नव्हतें, टपालहि नव्हतें. मालगुजारी जमनालाल बजाजांकडे होती. गांधीजींच्या आधीं मीराबेन तेथें येऊन राहिल्या होत्या. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी वर्ध्याहून पायीं निघून तेथें पोंचले आणि गांवकऱ्यांची त्यांनीं सभा भरविली.

आतां पाहा, मालगुजार स्वतःच गांधीजींचा भक्त. जमीन त्याची, शब्द त्याचा. गांवास विचारण्याचें कांहीं कारण नव्हतें. तरी गांधीजींनीं विचारलें. त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता कीं, मी तुमच्यांत राहूं इच्छितों. परंतु ज्यांस माझी भीति वाटते त्यांच्यावर मीं लादून घ्यावें असें मला वाटत नाहीं. मीं अस्पृश्यता मनांतून समूळ काढून टाकली आहे. ब्राह्मण आणि महार मला सारखेच. मात्र माझी मतें मी तुमच्यावर लादणार नाहीं; समजावून सांगेन आणि स्वतःच्या आचरणानें दाखवीन. तेव्हां गांवचे वयोवृद्ध पाटील उठले. त्यांनीं गांधीजींचें मनापासून स्वागत केलें; आणि त्याच दमांत सांगितलें कीं, हरिजनांच्या बाबतींत मात्र माझ्याच्यानें तुम्हांस साथ देववणार नाहीं.

आत्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आपले आजोबा असते तर त्यांनींहि हेंच सांगितलें असतें."

"आणि तें चुकलें असतें," मी म्हणालों.

"चुकलेंच असतें. पण तोंडावर सांगितलें असतें. चिठी नसती पाठविली."

माझ्या पिशवींत हरकतीचा टंकलिखित कागद होता. त्यास उद्देशून त्या बोलल्या कीं सहज, हें मला आजहि सांगतां येणार नाहीं.

त्या पाटलांचा नकार माझ्या मनांतून दिवसभर गेला नाहीं. याच भूमींत राहून गांधीजींनीं ग्रामस्वराज्याचें चित्र रेखाटलें. जुलै १९४२ च्या 'हरिजन'मध्यें त्यांनीं लिहिलें कीं, गांवांतील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनीं दरसाल पांच जणांची पंचायत निवडावी, आणि कायदा, न्याय व कारभार तीनहि कामें तिनेंच पाहावीं. १९४६ मध्यें वर्ध्याचेच श्रीमन्नारायण अगरवाल यांनीं त्या विचारावर आधारलेला राज्यघटनेचा एक मसुदा प्रसिद्ध केला. परंतु संविधान-सभेपुढें जो मसुदा आला त्यांत खेड्यास स्थान नव्हतें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याचें कारण रोखठोक सांगितलें: खेडें म्हणजे संकुचितपणाचें, अज्ञानाचें आणि जातीय वृत्तीचें घर, त्यास राज्याचा पाया कसें मानावें? पुष्कळांस तें लागलें. त्याच महिन्याच्या २२ तारखेस के. संतानम् यांच्या सूचनेवरून ग्रामपंचायतींविषयींचें कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यांत आलें. तेंच आजचें ४० वें कलम.

शाळेंत आम्हीं हा वाद गांधी विरुद्ध आंबेडकर असा शिकलों. सेवाग्रामास बसून विचार करतां मला वाटलें कीं, शेगांवच्या त्या एकाच सभेंत दोघांचेंहि म्हणणें खरें ठरलें होतें. खेड्यास विचारल्यावांचून पुढें जाऊं नये, हें गांधीजींनीं आचरून दाखविलें. आणि खेडें म्हणून जें बोललें तें पाटलांच्या तोंडून बोललें. ज्यांच्याविषयीं तो नकार होता त्यांचें म्हणणें मात्र नोंदलेलें माझ्या वाचनांत आलें नाहीं. सभा भरली एवढ्यानें काम होत नाहीं. तींत बसण्यास कोणास जागा आहे आणि उठून बोलण्याची कोणास छाती होते, यावर सर्व अवलंबून असतें. तें घडवून आणण्यास पुढें पंचेचाळीस वर्षें लागलीं. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें, २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामसभेस घटनेंत स्थान मिळालें, आणि पंचायतींत स्त्रियांसाठीं व अनुसूचित जाति-जमातींसाठीं जागा राखल्या गेल्या. २०११ पासून महाराष्ट्रांत स्त्रियांच्या जागा निम्म्या झाल्या.

सायंप्रार्थनेस आम्ही उघड्या अंगणांत बसलों. सर्व धर्मांच्या प्रार्थना एकामागून एक झाल्या. रात्रीं समोरच्या यात्रीनिवासांत मुक्काम केला, आणि पहांटे गांवाची वाट धरली.

शाळेच्या पटांगणांत झेंडावंदन झालें, मुलांस खाऊ वाटला, आणि तेथेंच सतरंज्या अंथरून ग्रामसभा भरली. सरपंच एक तिशीच्या बाई होत्या. त्यांच्या शेजारीं पंचायतीचे अधिकारी बसले होते. त्यांचें पदनाम आतां बदललें असलें तरी लोक त्यांस अजून ग्रामसेवकच म्हणतात. प्रथम गणसंख्या मोजली गेली. एकूण मतदारांचे शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकीं जो आंकडा कमी तेवढे मतदार हजर असावे लागतात. मोजतां मोजतां चौऱ्याण्णववर गाडी अडली. तेव्हां एक तरुण फटफटीवर बसून वस्तींत गेला आणि कापूस वेचावयास निघालेल्या सात-आठ बायकांस वाटेंतून परत घेऊन आला. सभा सुरूं झाली.

एक गोष्ट मला तेथें जाऊन कळली. ती आधींच कळावयास हवी होती. ग्रामसभा म्हणजे गांवच्या मतदारयादींत ज्यांचीं नांवें आहेत तेवढींच माणसें. आमचीं सर्वांचीं नांवें शहरांत नोंदलेलीं. म्हणजे ज्या गांवाचे आम्ही एकेकाळीं मालक म्हणविलें, त्या गांवाच्या सभेंत मला मत नव्हतें. अर्ज देतां येत होता, आणि सभेनें परवानगी दिली तरच बोलतां येत होतें.

विषय एकेक करून निघूं लागले. पाण्याच्या टाकीचा झरा. घरकुलांची यादी, तींत एका विधवेचें नांव कां गळलें यावर अर्धा तास गेला, आणि तें नांव घालून घेतल्यावरच सभा पुढें सरकली. मग दारूचा विषय निघाला. गांधीजींची कर्मभूमि म्हणून वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी होऊन अर्धशतक झालें. तरी गांवाबाहेर नाल्यांत भट्टी लागते, हें सर्वांस ठाऊक होतें. हा विषय बायकांनीं आदल्या दिवशींच आपल्या महिलासभेंत ठरवून आणला होता. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असा राज्याच्या कायद्यांत दंडक आहे. त्या ज्या धिटाईनें माणसांचीं नांवें घेऊन बोलल्या, तें पाहून आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्या काल आपसांत बोलून आल्या आहेत. म्हणून आज बोलतां येतें आहे."

सहावा विषय पुकारला गेला. सरपंचबाईंनीं मला बोलण्याची परवानगी दिली. मी उठलों. कागद वाचून दाखवावा असा विचार होता. पण तो मीं घडी करून खिशांत ठेविला आणि म्हणालों कीं, पांदण आमच्या शेतांतून नको असें आमच्या घरच्यांचें म्हणणें आहे. शेत लहान आहे, त्यांतून वाट गेली तर दोन तुकडे होतील. आणि आम्हांस आधीं कोणीं विचारलें नाहीं. शेवटचें वाक्य उच्चारतांच माझें मलाच तें पोकळ वाटलें. मागें कोणी हंसलें नाहीं. सर्वांनीं शांतपणें ऐकून घेतलें.

मग पलीकडच्या शेताचा धनी उठला. माझ्या वडिलांच्या वयाचा गृहस्थ. तो म्हणाला, "मालक, आमाले तुमचं वावर नाई पायजे. पावसाळ्यात बंडी मधातच फसते, मळणीचं मशीन तं जातच नाई. सोयाबीन वावरातच रायते, न् व्यापारी वावरावर येऊन म्हणन त्या भावानं नेते. तुमाले विचारलं नाई म्हणता, तं विचाराव कोनाले? वाड्याले कुलूप हाय."

यावर मजजवळ उत्तर नव्हतें. चाळीस वर्षांत आमच्या घरचें एकहि माणूस त्या सतरंजीवर येऊन बसलें नव्हतें, हें खरें होतें. एका तरुणानें गांवचा जुना नकाशा उलगडला. त्यांत आमच्या शेताच्या कडेनें पांदणीची दुहेरी तुटक रेघ स्पष्ट दिसत होती. शेताचे दोन तुकडे होण्याचा प्रश्नच नव्हता; वाट कडेनेंच होती, आणि ती आमची कधींच नव्हती.

ग्रामसभेस जमिनीची मालकी ठरवितां येत नाहीं. तो अधिकार महसूल खात्याचा. म्हणून ठराव असा झाला कीं, सरकारी मोजणी करून घ्यावी, मोजणींत निघेल ती वाट मोकळी करावी, आणि तोंवर सुगीपुरती आमच्या धुऱ्यावरून बंडी जाऊं द्यावी. सरपंचबाईंनीं विचारलें, "भाऊ, तुमचं काय म्हणणं?" मला मत नव्हतें, तरी त्यांनीं विचारलें. मी म्हणालों, "धुऱ्यावरून जाऊं द्या. बाकीचें घरीं विचारून पंधरा दिवसांत कळवितों." ठराव कार्यवृत्तांत लिहिला गेला. माझें वाक्यहि त्यांत लिहून घेतलें आणि मला वाचून दाखविलें.

परतीच्या आगगाडींत माझ्या मनांत दुसरीच सभा घोळत होती. ती म्हणजे आमच्या घरची. गांवच्या सभेंत विधवेचें नांव घालण्यासाठीं अर्धा तास मिळतो. आमच्या बैठकींत वहिनी तबक ठेवून आंत जातात. सात-बाऱ्यावर आत्यांचें नांव आहे, पण आजवर त्यांची सही घेतली जाई. मत विचारलें जात नसे. हें मी दुसऱ्या घरांविषयीं बोलत नाहीं. परंतु वाचकांपैकीं कित्येकांस यांत ओळखीचें कांहीं दिसलें तर मला आश्चर्य वाटणार नाहीं. एकत्र कुटुंबाचें जें जें म्हणून चांगलें आहे तें मीं भोगलें आहे. तेव्हां त्याच्याविषयीं तक्रार करण्याचा मला अधिकार थोडा. तथापि कुटुंब एकत्र आहे म्हणजे त्यांत सर्वांचें म्हणणें एकच आहे, असें आम्हीं धरून चाललों होतों. शेगांवच्या पाटलांनींहि आपल्या गांवाविषयीं कदाचित् असेंच धरलें असेल.

चार दिवसांनीं घरीं पुनः बैठक झाली. या वेळीं मीं वहिनींस आणि दोघी सुनांस बसावयास सांगितलें. थोरल्या काकांस तें रुचलें नाहीं, पण ते कांहीं बोलले नाहींत. मीं सभेची हकीकत जशी घडली तशी सांगितली, कुलपाचें वाक्यहि गाळलें नाहीं. थोरले काका म्हणाले, "आपण गांवास पुष्कळ दिलें." त्यावर आत्या म्हणाल्या, "दिलें तें आपलें होतें. हें त्यांचें आहे." धाकट्या सुनेनें विचारलें, मोजणीचा खर्च किती? तो तिनें कागदावर मांडला, सर्वांत वांटला, आणि प्रत्येकाच्या वांट्यास आलेली रक्कम वाचून दाखविली. थोरले काका बराच वेळ स्वस्थ बसले. मग त्यांनीं चष्मा मागितला आणि मोजणीच्या संमतीवर सही केली. वाट मोकळी करण्यास मात्र त्यांनीं अजून होकार दिलेला नाहीं. मोजणी होऊं द्या, मग पाहूं, असें ते म्हणतात. तेवढा त्यांचा अधिकार मी मानतों.

मोजणीची तारीख अद्याप यावयाची आहे. ग्रामसभा साधारणतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीं भरतात. पुढची सभा कधीं, हें आत्यांनीं मला परवां पुनः विचारलें. "एक मे," मी म्हणालों, "पण वर्ध्याचा उन्हाळा तुम्हांस ठाऊक आहे." त्यांनीं वातींची वळकटी बाजूस ठेवली आणि म्हणाल्या, "छत्री घेऊं. आणि थोरल्याला सांग, या वेळीं त्यालाहि यायचें आहे."